एकविसावी शिडी

माणसाची खरी उंची त्याच्या कर्तृत्वावर मोजली जाते, असं शाळेच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलेलं आहे. ते लिहिणाऱ्या रंगाऱ्याचा हात वरच्या ओळीला पोचेना, म्हणून त्याने शिडीवाल्याकडून शिडी मागून आणली आणि 'कर्तृत्वावर' पुरं करताना तिच्यावरून पडून पाय मोडून घेतला. शिडीवाल्याने दुसऱ्या दिवशी जाऊन आधी शिडी तपासली. शिडीला काही झालं नव्हतं. मग त्याने रंगाऱ्याची चौकशी केली.

हा शिडीवाला मापाला पक्का माणूस. दोन पायऱ्यांच्या मध्ये एक वीत तीन बोटं. केसाचा फरक पडला की पायरी चुलीत. 'चालतंय की' हे शब्द त्याच्या अंगणात कुणी उच्चारत नसे. अशा माणसाची मुलगी अकराव्या वर्षी सहा-सात वर्षांच्या पोरीएवढी दिसावी, हा गावाला जन्मभर पुरेल असा विनोद होता. गावाने तो जपून न वापरता रोज वापरला. "शिडीवाल्याची पोर, आणि कडीला हात पोचेना!" असं म्हणून लोक हसत आणि नवीन सुचलं असावं तसं एकमेकांकडे बघत.

बाप तिला पाचर म्हणे. पायरी भोकात सैल बसली की शेजारी ठोकतात ती लाकडाची कपची म्हणजे पाचर. दिसायला एवढीशी, पण ती निसटली की माणूस खाली. आईच्या मते नाव बरोबर होतं, कारण वेगळं: कुणाचंही बोलणं पुरं व्हायच्या आत ही मध्ये घुसते.

दोन वर्षांपूर्वी मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासून सांगितलं, टर्नर सिंड्रोम. मुलींच्या पेशीत एक्स नावाची दोन गुणसूत्रं असतात, हिच्यात एकच आहे. कुणाची चूक नाही, आईच्या खाण्यापिण्याचा दोष नाही. उंची कमीच राहील. रोज इंजेक्शन दिलं तर काही सेंटिमीटर हाती लागतील. हृदय आणि कान अधूनमधून तपासायचे. आकडेमोड थोडी जड जाईल, बाकी डोकं शाबूत आहे.

"ते दिसतंच आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या, कारण तोवर पाचरीने त्यांना तीनदा टोकलं होतं.

शिडीवाल्याने हे आपल्या भाषेत बसवून घेतलं. शिडीला उभे दांडे दोन लागतात. हिला एकच मिळाला.

"एका दांड्याच्या शिडीला काय म्हणतात, बाबा?" परतीच्या वाटेवर पोरीने विचारलं.

"खांब."

"मग खांब तर उंच असतो."

 

इस्पितळाने एक कागद दिला होता. औषध फुकट, पण साठा थोडा आणि यादीत मुली पुष्कळ. वर्षाला किमान चार सेंटिमीटर वाढ झाली पाहिजे. न झाल्यास औषध बंद करून यादीतल्या पुढच्या मुलीला देण्यात येईल. खाली शिक्का. शिडीवाल्याने तो कागद घरातल्या फळीवर चार कोपऱ्यांत चार खिळे मारून ठोकला. शिक्क्याचा कागद वाऱ्याने फडफडू नये, असं त्याचं मत होतं.

पहिल्या वर्षी पोर सहा सेंटिमीटर वाढली. इस्पितळातून परत आल्यावर त्याच आनंदात त्याने घराला नवं दार बसवलं आणि चौकटीला पोरीला टेकवून डोक्यावर सुताराचा काटकोनी गुण्या धरून लोखंडी अणीच्या टोकाने पहिली रेघ ओढली. मग दर महिन्याच्या पहिल्या सकाळी एक रेघ. त्यानंतरच्या बाराव्या रेघेपर्यंत पहिल्या रेघेपासूनचं अंतर सहा सेंटिमीटर आठ मिलिमीटर भरलं होतं. चारच्या जागी जवळजवळ सात. वार्षिक मोजणी बुधवारी होती, आणि घरात तिची कुणाला धास्ती नव्हती. धास्ती होती ती शिड्यांची.

यंदा ऊन अघोरी पडलं आणि फळबाग आठ दिवस आधी पिकली. बागाईतदाराचा माणूस अंगणात येऊन उभा राहिला. बसला नाही.

"एकवीस शिड्या बुधवारी सकाळी बागेत पाहिजेत. मालक म्हणाले, नसतील तर तसं सांगा. शहरातून पत्र्याच्या मागवतो."

"ॲल्युमिनियमच्या," पाचर आतून म्हणाली.

"बुधवारी इस्पितळ आहे," शिडीवाला म्हणाला.

"वाटेवरच आहे की बाग. जाता जाता टाका."

तेरा तयार होत्या. आठ शिड्या, पाच दिवस. शिडीवाला पहाट फुटायच्या आत रंधा धरी. दांडे सोलायचे, तासायचे, दोन दांडे जोडीने निवडायचे, कारण एक डावीकडे वाकणारा आणि दुसरा उजवीकडे वाकणारा असला की शिडी जन्मभर भांडत राहते. बायको सामता फिरवून भोकं पाडी. दोन दिवसांत तिच्या तळहाताचं कातडं सुटलं, तिने चिंधी बांधली आणि सामता पुन्हा हातात घेतला. पाचरीचा हात लहान, म्हणून भोकांच्या आतून घासकागद फिरवायचं काम तिचं. पायऱ्या मोजायचं काम तिला कुणी देत नसे. दहाच्या ती कधी नऊ मोजी, कधी अकरा. पण तोंड चालू. इस्पितळाची पुस्तिका, जुनी वर्तमानपत्रं, खिळ्यांच्या पुडीचा कागद, काय मिळेल ते मोठ्याने वाची. घामात भुसा चिकटून तिघांच्या अंगाला लाकडाचा रंग आला होता. संध्याकाळी आई चिंधी सोडून हात धुई, पोरीच्या मांडीला इंजेक्शन टोची आणि पुन्हा चिंधी बांधी.

मंगळवारी दुपारी एकविसावी शिडी पुरी झाली. ती आतून अंगणात काढताना दार उघडता उघडता खाली घासलं आणि मध्येच अडकलं.

"फुगलं," शिडीवाला म्हणाला आणि रंधा शोधू लागला.

"पावसाळ्यात म्हणालात, ओलीने फुगलं. थंडीत म्हणालात, दवाने फुगलं," बायको म्हणाली. "आता या उन्हात कशानं फुगलं? तुमच्यासारखं रागानं?"

शिडीवाला हसणार होता. पण त्याचा हात रंध्यावर तसाच राहिला. दार बसवलं तेव्हा त्याने खाली बरोबर एक बोट फट ठेवली होती. तो फट विसरणारा माणूस नव्हे. त्यानंतर दोनदा मिळून अर्धं बोट तासलं होतं. म्हणजे आता दीड बोट फट हवी. आणि दार तर जमिनीला लागत होतं.

लाकूड उन्हात फुगत नाही. हे त्याला बापाने वयाच्या सातव्या वर्षी सांगितलं होतं.

त्याने पटाशी घेतली आणि उंबऱ्याजवळची जमीन दोन बोटं उकरली. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर निघाले, एकावर एक, प्रत्येक गव्हाच्या दाण्याहून पातळ. त्याने ते मोजले. बारा. मग टेप लावला. दोन सेंटिमीटर आठ मिलिमीटर.

"अगं," तो म्हणाला, "तू जमीन कधी लिंपतेस?"

"कधी म्हणजे? दर महिन्याला. मोजायच्या आदल्या दिवशी. पोर स्वच्छ जागेवर उभी राहावी म्हणून."

"पोर सहा पूर्णांक आठ वाढलेली नाही. चार वाढली."

"आणि बाकीची?"

"बाकीची तू वाढवलीस. मातीनं."

बायको होती तिथेच खाली बसली. चिंधी बांधलेला तळहात तिने जमिनीवर ठेवला आणि चटका बसावा तसा उचलला. वर्षभर दर पहिल्या तारखेला रेघ वर सरकली की ती शेजारणीला सांगून येत असे. आता एवढंच म्हणाली, "मला कुणी सांगायचं नाही का?"

"कोण सांगणार? मापं मी घेत होतो," शिडीवाला म्हणाला. हे वाक्य त्याला पायरी चुलीत घालण्यापेक्षा जड गेलं.

"म्हणजे घरात मी उंचच आहे," पाचर म्हणाली. "बाहेर गेले की बुटकी होते. पण चार म्हणजे पास ना, बाबा?"

"काठावर. माझ्या टेपात आणि त्यांच्या पट्टीत एका केसाचा फरक असला तरी नापास."

 कोंबडी अर्धवट अडकलेल्या दारातून आत आली, तिघांकडे बघून परत गेली. मग पाचर उठली, इस्पितळाची पुस्तिका काढली आणि शाळेत धडा वाचावा तसा वाचू लागली. "माणूस सकाळी अंथरुणातून उठतो तेव्हा सर्वांत उंच असतो. दिवसभरात शरीराच्या भाराने पाठीचे मणके दाबले जाऊन उंची सुमारे एक सेंटिमीटरपर्यंत कमी होते."

"परत वाच," शिडीवाला म्हणाला.

तिने परत वाचलं.

"इस्पितळ चार तासांवर," तो म्हणाला. "चार तास उभी राहिली, बसली, की गेला सेंटिमीटर."

"मग?"

"मग उठायचंच नाही."

बुधवारी तांबडं फुटताना पाचरीला अंथरुणासकट उचलून एकविसाव्या शिडीवर ठेवलं. शिडीखाली वीस शिड्या, त्यांच्याखाली बैलगाडी. गाडी इस्पितळाच्या फाटकाच्या आत सोडत नाहीत हे शिडीवाल्याला माहीत होतं. फाटकापासून आत न्यायला ही शिडीच लागणार होती, एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला बायको. निघण्याआधी फळीवरचा कागद त्याने पकडीने चारही खिळे उपटून काढला, चौघडी केली आणि खिशात घातला. यंदा इस्पितळाने मूळ कागद आणायला सांगितलं होतं.

वाटेत पहिला अडथळा शेवटच्या घराजवळच आला.

"आई, मला जायचंय."

"कुठं?"

"जिथं आडवं जाता येत नाही तिथं."

यावर नवरा-बायकोची चर्चा झाली. बसणं म्हणजे अर्धं उभं राहणं की पाव, यावर एकमत झालं नाही. शेवटी आईने तिला लहान बाळासारखं हातांवर आडवं धरून आडोशाला नेलं आणि तसंच परत आणलं. अकरा वर्षांच्या पोरीला असं नेता येतं, ही टर्नर सिंड्रोमची एकमेव सोय त्या दिवशी उपयोगी पडली.

रस्त्याच्या कडेला एका म्हाताऱ्याने आडवी पोर पाहून डोक्यावरची टोपी काढली आणि मान खाली घातली.

"घाला टोपी, आजोबा," पाचर वरून म्हणाली. "अजून वेळ आहे."

"हसू नकोस," आई म्हणाली. "हसलीस की आखडशील." आणि तिने पोरीच्या तोंडावर पदर धरला. सावलीसाठी धरला, पण पोरीपेक्षा तिचाच चेहरा त्यात जास्त लपला.

बागेच्या फाटकात बागाईतदार स्वतः उभा होता. पाठीमागे झाडांखाली तोडणीची माणसं करंड्या घेऊन थांबलेली. शिडीवाल्याने वरची शिडी पोरीसकट बायकोला धरायला लावली आणि खालून एकेक शिडी मागे ओढून काढू लागला. प्रत्येक शिडी निघाली की पोर चार बोटं खाली येई. बागाईतदाराने प्रत्येक शिडीवर आपला जाडजूड राखणदार चढवला. राखणदार मधल्या पायरीवर दोनदा उडी मारी आणि उतरे. कुठलीच शिडी कुरकुरली नाही. राखणदार मात्र पंधराव्या शिडीपासून कुरकुरू लागला.

"वीस," बागाईतदार म्हणाला.

"एकविसावी संध्याकाळी, मालक. परत जाताना देतो."

"माझी माणसं एकवीस आहेत. एकानं काय झाडाखाली उभं राहून फळं पडायची वाट बघायची? ती काय, गाडीत आहे की शिडी."

"तिच्यावर पोर आहे."

"ते दिसतंय. पोरीला खाली उतरव."

"ती उठली तर इस्पितळात कमी भरेल. औषध बंद होईल तिचं."

बागाईतदाराने हे समजून घेण्याचा प्रयत्न केला, असं त्याच्या कपाळावरून वाटलं. मग कपाळ पूर्ववत झालं. "मी या धंद्यात पस्तीस वर्षं आहे," तो म्हणाला. "माल न देण्याची कारणं खूप ऐकली. पण पोर कमी भरेल हे पहिल्यांदाच." माणसं हसली. तो गाडीजवळ आला आणि त्याने हात पुढे केला. "ऊठ गं. एवढीशी तर आहेस, त्यात आणखी काय कमी होणार?"

पाचर उठली नाही आणि, आश्चर्य म्हणजे, बोललीही नाही. तिने दोन्ही हातांनी शिडीचे दांडे धरले. 

शिडीवाला गाडी आणि बागाईतदार यांच्या मध्ये येऊन उभा राहिला. आजवर तो मालकाशी बोलताना नेहमी एक पाऊल मागे उभा राहत असे. आज अंतर मोजायचं राहून गेलं. मालकाच्या तोंडाचा वास त्याला आला.

"हात काढा, मालक."

हसणं थांबलं. बागाईतदाराने हात काढला, तो सदऱ्याला पुसला, आणि मग अगदी शांतपणे म्हणाला, "काढला. पुढच्या वर्षापासून तूही इकडे येऊ नकोस. पत्र्याच्या शिड्यांना पोरी नसतात."

गाडी फाटकाबाहेर निघाली.  वर्षातल्या निम्म्या शिड्या त्या एका बागेत जात. हे तिघांनाही ठाऊक होतं, आकड्यांशी वाकडं असलेल्या पाचरीलाही.

"बाबा," ती म्हणाली, "मी उठले असते तर?"

"पडून राहा."

इस्पितळात चौतिसावा नंबर मिळाला. शिडी वऱ्हांड्यात जमिनीवर टेकवली; लोक तिच्यावरून पाय टाकून जाऊ लागले. एका शिपायाने येऊन सांगितलं, अपघात विभाग डावीकडे. एका बाईने आपल्या लेकीला विचारलं, ही चालत नाही का गं. "चालते, पण खर्च होते," पाचर म्हणाली. ती लेकही तिच्याच उंचीची, यादीतलीच असावी. तिने थोडा वेळ विचार केला आणि आईचा हात सोडून गुपचूप जमिनीवर आडवी झाली. तिच्या आईने तिला दंडाला धरून उभी केली. शिडीवाल्याने नजर दुसरीकडे वळवली. औषध बंद झालं तर कुणाकडे जाणार, हे त्याने आजवर कागदावर वाचलं होतं; कागदाला फ्रॉक नव्हता.

दहा वाजले, अकरा वाजले. आत चहा गेला, रिकामे कप बाहेर आले. साडेबारा वाजता नर्सबाईंनी नंबर पुकारला. दोघांनी शिडी उचलून मोजणीच्या खोलीत, अगदी भिंतीवरच्या पट्टीला लावून ठेवली आणि पोरीला तिरकी करत करत, कपाट उभं करावं तसं उभं केलं.

"चपला नाहीत ना? अंबाडा सोड. टाचा भिंतीला. समोर बघ," नर्सबाई म्हणाल्या. सरकती फळी खाली आली आणि डोक्याला टेकली. आईने डोळे मिटले. शिडीवाल्याने श्वास धरला, आपण सोडला तर तिचीही हवा कमी होईल असा.

"एकशे एकवीस पूर्णांक एक."

गेल्या वर्षीचा आकडा त्याला पाठ होता. एकशे सतरा पूर्णांक दोन. नर्सबाईंनी पेन उचलायच्या आत त्याने वजाबाकी केली होती. तीन पूर्णांक नऊ.

"परत मोजा, बाई."

त्यांनी परत मोजलं. मग त्याचं तोंड बघून तिसऱ्यांदा मोजलं. फळी तिथेच थांबली.

"एक मिलिमीटर आहे हो," तो म्हणाला. त्याचा आवाज त्याला ओळखू येईना. बागेत हा आवाज निघाला असता तर काम हातचं गेलं नसतं. "पेन्सिलीच्या रेघेची जाडी. तेवढी सोडा. वाटेत उन्हानं गेली असेल. बाई, पाया पडतो."

नर्सबाई वाईट नव्हत्या. फक्त दमल्या होत्या, आणि बाहेर अजून अकरा नंबर होते. "काय काम करता तुम्ही?"

"शिड्या करतो."

"शिडीत सोडता का एक मिलिमीटर?"

पाचर पट्टीला टेकून बापाकडे बघत होती. बायकोने डोळे उघडले होते. खोटं बोलायला फार वेळ लागत नाही. एक अक्षर पुरतं.

"नाही," शिडीवाला म्हणाला.

"बाबा," पाचर हळूच म्हणाली, "हो म्हणायचं होतं."

नर्सबाईंनी तीन पूर्णांक नऊ लिहिलं आणि तिघांना पलीकडच्या खोलीत पाठवलं. आता पोरीला आडवं धरायचं कारण उरलं नव्हतं. ती चालत गेली, मागून आई, आणि सर्वांत मागे शिडीवाला, रिकामी शिडी खांद्यावर घेऊन. ती दारात अडकली. त्याने ती बाहेर टेकवून ठेवली.

डॉक्टरबाईंनी आकडा पाहिला, पोरीच्या कानात पाहिलं, छातीला नळी लावली. "छान," म्हणाल्या. "मूळ कागद आणलाय?"

शिडीवाल्याने खिशातून चौघडी काढून दिली. त्यांनी ती उलगडली. चार कोपऱ्यांतल्या चार भोकांतून खिडकीचा उजेड टेबलावर पडला. त्यांनी कागद उलटा केला, मागच्या बाजूच्या चौकटीत सही केली आणि पुढच्या वर्षीची तारीख घातली.

"औषध चालू," त्या म्हणाल्या. "पुढचा नंबर पाठवा."

"पण चार भरले नाहीत," शिडीवाला म्हणाला. त्याच्या बायकोने त्याचा पाय जोरात दाबला.

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही मागची बाजू वाचली नाहीत?"

"मागे फळी होती," तो म्हणाला.

पाचरीने टेबलावरून कागद ओढून घेतला आणि मोठ्याने वाचला. चार सेंटिमीटरची अट केवळ पहिल्या वर्षासाठी लागू आहे. दुसऱ्या वर्षापासून किमान वाढ दोन सेंटिमीटर. खाली शिक्का होता.